लाल कुसळाचं भात : जपानच्या उत्तर सीमेवरचं एक प्रकरण

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर साप्पोरोहून दक्षिणेला निघालं की किताहिरोशिमा शहराच्या हद्दीत शिमामात्सु नावाचं ठिकाण लागतं. तिथे एक जुनं लाकडी घर राष्ट्रीय वारसा म्हणून जपून ठेवलं आहे. एके काळी वाटसरूंनी मुक्काम करण्याची आणि घोडे बदलण्याची ही जागा होती. आवारात दोन स्मारकं आहेत. एक आहे विल्यम क्लार्क या अमेरिकी प्राध्यापकांचं. साप्पोरोचं शेतकी महाविद्यालय उभं करून ते 1877 च्या एप्रिलमध्ये मायदेशी निघाले, आणि निरोपाला आलेल्या विद्यार्थ्यांना ‘मुलांनो, महत्त्वाकांक्षी व्हा’ असं याच परिसरात सांगून गेले. जपानमध्ये हे वाक्य शाळकरी पोरांनाही पाठ असतं. दुसरं स्मारक थंड मुलखातल्या भातशेतीचं आहे. पुढे 1884 पासून हे मुक्कामाचं ठिकाण चालवणारे नाकायामा क्यूझो यांनी त्या भातशेतीची सुरुवात इथे केली.

क्लार्क ज्या सरकारी योजनेतून आले होते, तिचं म्हणणं होतं की या बेटावर गहू पेरावा, गुरं पाळावीत, पाव आणि दूध खावं, भाताचा नाद सोडावा. नाकायामांनी नेमका तोच नाद धरला. आज होक्काइदो जपानमधल्या सर्वांत मोठ्या तांदूळ-उत्पादक प्रांतांपैकी एक आहे. तज्ज्ञांनी नाकारलेलं पीक या सीमेवर रुजलं कसं, आणि ते रुजताना कुणाचं काय उपटलं गेलं, या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. पहिली बाजू जिद्दीची कथा म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. दुसरी तिच्याशेजारी क्वचितच बसते.

तांदूळ आधी आला, भात नंतर

1869 पर्यंत या बेटाला जपानी लोक एझो म्हणत. इथले मूळ रहिवासी ऐनू. सामन मासे ज्या नद्यांत चढतात, त्यांच्या काठी त्यांची कोतान म्हणजे वस्ती असे. मासेमारी, हरणांची शिकार, रानातले कंद हा त्यांच्या जगण्याचा आधार. शेती अजिबात नव्हती हे मात्र खरं नाही. नदीकाठच्या छोट्या तुकड्यांत ऐनू बायका राळा आणि आपल्याकडच्या साव्याच्या जातकुळीतलं धान्य काढत. औत नाही, खत नाही, जमीन थकली की शेजारचा तुकडा. ‘ऐनूंना शेती ठाऊकच नव्हती’ असं पुढच्या काळात कायद्याच्या भाषेत गृहीत धरलं गेलं, म्हणून हे आधीच नोंदवलं.

बेटाच्या दक्षिण टोकाला मात्सुमाए घराण्याची सत्ता होती. जपानमधल्या प्रत्येक सरदाराची ऐपत कोकूंत मोजत. एक कोकू म्हणजे सुमारे 150 किलो तांदूळ, ढोबळ मानाने एका माणसाची वर्षाची बेगमी. मात्सुमाएंकडे भाताची जमीन जवळजवळ नव्हतीच. त्यांचं उत्पन्न ऐनूंशी व्यापार करण्याच्या मक्त्यातून येई. सुका सामन आणि कातडी घ्यायची, बदल्यात मुख्य भूमीवरून आणलेला तांदूळ, लोखंड, मद्य द्यायचं. हा तांदूळ पोत्याने मोजला जाई, आणि पोतं दरवेळी लहान होत गेलं. सतराव्या शतकात तेवढ्याच माशांना मिळणारा तांदूळ निम्म्याहूनही खाली आला. 1669 मध्ये शाकुशाइन या ऐनू प्रमुखाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला, त्याच्या मुळाशी ही मापातली लूट होती. म्हणजे या बेटावर तांदूळ पीक म्हणून नीट रुजण्याच्या दोनशे वर्षं आधी सत्तेचं माप म्हणून आला होता.

पावाची योजना

1868 मध्ये तोकुगावा राजवट कोसळली. उत्तरेकडून रशिया सरकत होता. नव्या मेइजी सरकारला बेटावर आपली माणसं हवी होती, तीही लवकर. 1869 मध्ये वसाहत आयोग नेमला गेला आणि एझोचं होक्काइदो झालं. आयोगाची सूत्रं कुरोदा कियोताका यांच्या हाती होती. त्यांनी थेट अमेरिकेच्या कृषी खात्याचे प्रमुख होरेस केप्रन यांना 1871 मध्ये सल्लागार म्हणून आणलं. पाठोपाठ गुरांचे जाणकार एडविन डन आले, 1876 मध्ये क्लार्क आले. सफरचंदाची कलमं, गव्हाचं बी, लोखंडी नांगर, गाई, मेंढ्या जहाजांतून उतरू लागल्या.

केप्रन यांचा हिशेब त्यांच्या जागी चुकीचा नव्हता. साप्पोरो 43 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्याहून आत असलेल्या आसाहिकावात 25 जानेवारी 1902 रोजी उणे 41 अंश तापमान नोंदलं गेलं, तो जपानमधला आजवरचा विक्रम आहे. एप्रिलअखेर जमीन मोकळी होते आणि ऑक्टोबर सरता सरता पुन्हा बर्फ. अशा ठिकाणी भात लावणं म्हणजे दर चार-पाच वर्षांनी उपासमारीला बोलावणं, असं त्यांना वाटलं तर नवल नाही. आयोगानेही मग भाताला उत्तेजन नाकारलं आणि काही ठिकाणी सरळ मनाई केली.

मात्र त्याच वेळी सरकार वसाहतकऱ्यांना तांदूळच खाऊ घालत होतं. 1874 च्या नियमांनुसार ‘तोंदेनहेइ’ म्हणजे शेती करणारे सैनिक वसवण्याची योजना आली. 1875 मध्ये साप्पोरोजवळ कोतोनी इथे पहिली 198 कुटुंबं उतरली. यादवीत हरलेल्या ईशान्येकडच्या संस्थानांतले हे सामुराई. घर, अवजारं आणि पहिली तीन वर्षं तांदळाचा शिधा व मीठ-भाजीचे पैसे त्यांना मिळत. 1904 मध्ये योजना संपेपर्यंत 37 गावांत 7,337 कुटुंबं, सुमारे 40 हजार माणसं वसली. तीन वर्षं तांदूळ खायचा आणि चौथ्या वर्षापासून स्वतःच्या शेतातल्या गव्हावर जगायचं, ही अपेक्षा माणसाला न ओळखता केलेली होती.

यात एक खोच आहे. मुख्य भूमीवरचे गरीब शेतकरीही रोज निव्वळ तांदूळ खात नसत. भात पिकवायचा, तो साऱ्यात आणि खंडात द्यायचा, आणि घरी सातू-राळ्यात मिसळून मूठभर शिजवायचा. आपल्याकडे घाटावर कित्येक घरांत भात सणावारीच रांधला जाई, त्याची आठवण व्हावी. म्हणून नव्या मुलखात भाताची ओढ ही सवयीपेक्षा मोठी होती. स्वतःच्या खाचरातला तांदूळ स्वतःच्या ताटात, हे त्यांच्यापैकी अनेकांना गावी कधी लाभलंच नव्हतं. त्यासाठी तर ते समुद्र ओलांडून आले होते.

न्हाणीचं पाणी

नाकायामा मूळचे ओसाकाजवळच्या कावाची भागातले, जन्म 1828 चा. तरुणपण सेंदाई संस्थानाच्या चाकरीत गेलं. 1871 मध्ये ते शिमामात्सुला येऊन राहिले आणि 1873 मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीत, त्यांनी एक ‘तान’ जमीन खाचरासाठी तयार केली. एक तान म्हणजे जवळजवळ आपले दहा गुंठे. बी आणलं होतं बेटाच्या दक्षिण टोकाकडच्या ओनो गावातून. तिथे थोडंफार भात पूर्वीपासून होत असे. त्या बियाण्याचं नाव ‘आकागे’, म्हणजे लाल केसांचं. लोंबीवरची लांब कुसळं तांबूस असत म्हणून.

बर्फ वितळून आलेलं ओढ्याचं पाणी रोपवाटिकेत सोडलं तर बी कुजतं, उगवलं तर पिवळं पडतं. कोकणात आवण काढणाऱ्याला रोप किती नाजूक असतं हे सांगायला नको, आणि तिथे निदान पाणी तरी कोमट असतं. नाकायामांनी पाणी थेट न घेता लांबलचक, वळणावळणाच्या उथळ चरांतून फिरवलं, जेणेकरून खाचरात पोचेपर्यंत ते उन्हाने तापावं. ते पुरेना तेव्हा न्हाणीतलं कढत पाणी आणून रोपांत ओतलं, रात्रीसुद्धा. पहिल्याच वर्षी त्या दहा गुंठ्यांतून 2 कोकू 3 ‘तो’ (दहा ‘तो’ म्हणजे एक कोकू) तांदूळ आला, म्हणजे जवळजवळ 345 किलो. आजच्या मोजमापाने हे उत्पादन साधारण आहे. त्या साली त्या जागी ते असंभव मानलं गेलं होतं.

ऊब मिळाली म्हणून पीक आलं, हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं बियाण्यात होतं, आणि मला ते अधिक महत्त्वाचं वाटतं. भात हे मुळात लहान दिवसांचं झाड. आपल्याकडच्या गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या जाती बघा, पावसाळा सरून दिवस आखडायला लागल्याशिवाय त्या पसवतच नाहीत. 43 अंशांवर जूनमधला दिवस पंधरा तासांहून मोठा असतो. दक्षिणेतली जात तिथे लावली तर ती दिवस लहान होण्याची वाट पाहत हिरवीगार वाढत राहील आणि लोंब बाहेर पडेपर्यंत हिव पडेल. आकागे ही वाट पाहत नसे. दिवसाच्या लांबीचं भान गमावलेली, अतिशय हळवी, म्हणजे लवकर पिकणारी जात होती ती. वर्षानुवर्षं उत्तरेकडे सरकत गेलेल्या शेतकऱ्यांनी जे आधी पिकलं तेच बी ठेवत ठेवत हे घडवलं होतं, कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय. केप्रन यांच्या हिशेबात हवामान होतं, जमीन होती. हे बी नव्हतं.

नाकायामांनी बी दडवून ठेवलं नाही, हे मी त्यांचं सर्वांत मोठं काम मानतो. 1879 पासून ते मागेल त्याला आकागेचं बियाणं फुकट देत राहिले, सोबत पाणी तापवण्याची रीतही. सरकार एकीकडे नको म्हणत असताना हे बी इशिकारी नदीच्या खोऱ्यात हातोहात पसरलं. 1890 च्या दशकात प्रांताच्या प्रशासनाने धोरण फिरवलं आणि स्वतःच भाताचे प्रयोग सुरू केले. तोवर शेतकऱ्यांनी निर्णय घेऊन टाकला होता. नाकायामा 1919 मध्ये वारले.

मनुष्यबळ, रस्ते, पाणी

बियाण्याबरोबर माणसं येत राहिली. 1873 मध्ये बेटाची लोकसंख्या लाखाच्या आसपास होती, 1901 पर्यंत ती दहा लाखांवर गेली. त्यातलं एक गाव विसरता येत नाही. 1889 च्या ऑगस्टमध्ये नारा प्रांतातल्या तोत्सुकावा या डोंगरी गावात पुराने आणि दरडींनी 168 माणसं गेली. जमीनच उरली नाही. त्या शरद ऋतूत 600 कुटुंबांतली 2,489 माणसं हजार किलोमीटरहून दूर होक्काइदोला निघाली. पहिला हिवाळा त्यांनी तोंदेनहेइंच्या रिकाम्या घरांत दाटीवाटीने काढला आणि 1890 च्या उन्हाळ्यात इशिकारी ओलांडून पलीकडच्या जंगलात नवं गाव वसवलं. नाव ठेवलं शिन-तोत्सुकावा, नवं तोत्सुकावा. आज ते भाताचं गाव आहे.

रस्ते कैद्यांनी बांधले. 1881 मध्ये त्सुकिगाता इथे काबातो तुरुंग उभा राहिला, मग सोराची, मग आबाशिरी. 1891 मध्ये आबाशिरीपासून आत जाणाऱ्या मध्यवर्ती रस्त्याच्या कामावर काही महिन्यांत दोनशेहून अधिक कैदी उपासमारीने, बेरीबेरीने आणि अतिश्रमाने मेले. वसाहतीच्या गौरवग्रंथांत त्या रस्त्याची लांबी असते, ही माणसं नसतात.

या बेटावर खाचरं वाढण्याची गणितं मुख्य भूमीपेक्षा निराळी होती. इथे जमीन चौकटी आखून वाटली गेली, एका कुटुंबाला 5 चो म्हणजे सुमारे 5 हेक्टर. एवढ्या क्षेत्रावर चार हातांनी लावणी कशी करणार? वाट पुन्हा एका बियाण्याने काढून दिली. 1895 मध्ये शिन-कोतोनीच्या एका तोंदेनहेइ शेतकऱ्याला आकागेच्या शेतात कुसळ नसलेली लोंब सापडली. तिचं नाव पडलं ‘बोझु’, मुंडण केलेला भिक्षू. कुसळ नाही म्हणजे दाणा नळीतून अडकत नाही. मग 1905 च्या सुमारास आसाहिकावाकडे एक पेरणीचं साधन निघालं. वर पेटी, खाली पुष्कळ नळ्या, एका दाबात अनेक ठिकाणी बी पडणार. लोक त्याला ‘अष्टपादाचे पाय’ म्हणत. रोपवाटिका नको, लावणी नको. पुढची दोन-तीन दशकं होक्काइदोचं भात बहुतांशी असं थेट पेरलं गेलं.

पाण्यासाठी 1924 ते 1929 या काळात होक्काई कालवा खणला गेला. लांबी सुमारे 80 किलोमीटर, शेतीच्या कालव्यांत जपानमध्ये सर्वांत मोठा. खालच्या खोऱ्यातल्या दलदली जमिनीचा प्रश्न त्याहून कठीण होता. ती माती नव्हतीच, हजारो वर्षांचं न कुजलेलं गवत होतं, पाय टाकला की स्पंजासारखं दबणारं. निचऱ्याचे चर खणायचे आणि वर दुसरीकडून आणलेली माती पसरायची. हे काम पिढ्यान् पिढ्या चाललं. शिनोत्सु भागातल्या दलदलीसाठी 1950 च्या दशकात जागतिक बँकेचं कर्जही आलं. वळणं कापून कापून इशिकारी नदी स्वतःच सुमारे 100 किलोमीटरने आखूड केली गेली.

पोटरीतला थंड आठवडा

केप्रन यांची भीती अधूनमधून खरी ठरत राहिली. 1913 मध्ये पीक जवळजवळ बुडालं. 1931 ते 1935 या पाच वर्षांत, 1933 सोडलं तर, थंड उन्हाळे आले. अगदी अलीकडे, 1993 मध्येही तेच झालं आणि जपानला परदेशातून तांदूळ आणावा लागला.

नुकसान कसं होतं हे शास्त्रज्ञांनी पुढे उलगडलं. भात पोटरीत असताना, लोंब बाहेर पडण्याआधी दहा-बारा दिवस, परागकण घडत असतात. तेव्हा काही दिवस पारा 17–18 अंशांखाली राहिला तर पराग वांझ राहतात. पीक उभं दिसतं, हिरवं दिसतं, पण लोंब पोचट निघते. उपाय पाण्यातच सापडला. त्या दिवसांत खाचरात पाणी वीसेक सेंटिमीटरपर्यंत चढवायचं, म्हणजे कोवळी लोंब पाण्याखाली जाते, आणि पाणी हवेपेक्षा उबदार असतं. त्यासाठी बांध उंच लागतात आणि जुलैच्या रात्री शेतकऱ्याला हवामानाचा अंदाज ऐकत जागावं लागतं. न्हाणीतलं पाणी ओतणाऱ्या माणसाची रीत आणि ही रीत यांत तत्त्वाचा फरक नाही.

युद्धोत्तर काळात रोपवाटिका प्लास्टिकच्या छपराखाली गेली, लावणी परतली, आणि 1969 मध्ये भाताखालचं क्षेत्र अडीच लाख हेक्टरांवर गेलं. लगेच पुढच्या वर्षी घसरण सुरू झाली. 1942 पासून सरकार सगळा तांदूळ ठरलेल्या भावाने घेत होतं, त्यामुळे चवीला मोल नव्हतं, वजनाला होतं. आता देशात तांदूळ साचला आणि 1970 पासून सरकारने क्षेत्र घटवायला लावलं. कुऱ्हाड सर्वांत जोरात होक्काइदोवर पडली, कारण इथला तांदूळ कुणाला आवडत नव्हता. ‘होक्काइ-दोमाई’ म्हणजे होक्काइदोचा तांदूळ, त्याचं लोकांनी ‘यक्काइ-दोमाई’ केलं, कटकटीचा तांदूळ. पाखरंही त्याला ओलांडून जातात, असं म्हणत. थंडीत पोसलेल्या दाण्यात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार वाढतो, दलदली जमिनीतल्या दाण्यात प्रथिनं वाढतात. दोन्हींनी भात कडक आणि कोरडा होतो. आपल्याला मोकळा भात चालतो, जपानी ताटाला चिकट आणि चमकदार लागतो.

1980 मध्ये प्रांताने चवीसाठी पैदास सुरू केली. 1988 मध्ये कामिकावा संशोधन केंद्रातून ‘किरारा 397’ आलं. नावातला आकडा हा प्रयोगातल्या वाणाचा क्रमांक, तो तसाच ठेवला. मग 2001 मध्ये ‘नानात्सुबोशी’ आणि 2008 मध्ये ‘युमेपिरिका’. आज तोक्योतली माणसं ते तांदूळ आवडीने विकत घेतात.

केप्रन हरले असं म्हणणं मात्र अन्याय होईल. पूर्वेकडच्या तोकाची मैदानावर भात कधीच नीट झालं नाही. तिथे आज बटाटा, बीट, घेवडा आणि गाई आहेत, आणि जपानमधलं निम्म्याहून अधिक दूध होक्काइदोतून येतं. एकाच बेटावर दोन उत्तरं होती. सरकारने सगळ्या बेटाला एकच दिलं.

कुणाची जमीन

5 चोंच्या त्या चौकटी कोऱ्या जमिनीवर आखल्या गेल्या नव्हत्या. 1872 च्या नियमांनी ऐनूंच्या शिकारीच्या आणि मासेमारीच्या जागा विक्रीयोग्य ठरल्या, 1877 च्या नियमांनी त्यांच्या राहत्या जागाही सरकारी खात्यात गेल्या. नद्यांवरची सामन मासेमारी टप्प्याटप्प्याने बंद झाली. हरणांचं मांस डबाबंद करण्याचा सरकारी कारखाना 1878 मध्ये निघाला, 1879 च्या भयंकर बर्फात हरणांचे कळप मेले, आणि उरल्यासुरल्या शिकारीवर निर्बंध आले. तोकाचीसारख्या भागांत ऐनू वस्त्या उपाशी राहिल्या. ज्या नद्यांचं पाणी खाचरांत वळलं, त्या त्यांच्या अन्नाच्या वाटा होत्या.

दोन कायदे शेजारी ठेवून पाहावेत. 1897 च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या एका अर्जदाराला लागवडीसाठी 15 लाख त्सुबोपर्यंत, म्हणजे सुमारे 500 हेक्टर जमीन फुकट मिळू शकत होती. 1899 च्या ‘संरक्षण’ कायद्याने एका ऐनू कुटुंबाला जास्तीत जास्त 15 हजार त्सुबो, सुमारे 5 हेक्टर. शंभरपट फरक. शिवाय 15 वर्षांत लागवड झाली नाही तर ती जप्त. मिळालेली जमीन पुष्कळदा उतारावरची किंवा पाणथळ असे. आसाहिकावाजवळच्या चिकाबुमी वस्तीच्या नावाने राखलेली जमीनही, लष्कराची छावणी आल्यावर मोलाची झाली तेव्हा, काढून घेण्याचा डाव झाला. तिथल्या ऐनूंनी अर्ज केले, तोक्योला जाऊन दारं ठोठावली आणि हलायला नकार दिला. 1934 मध्ये निकाल लागला तो दर कुटुंबामागे 1 चोचा.

1899 चा कायदा 1997 पर्यंत पुस्तकात होता. 2019 च्या कायद्याने ऐनूंना मूळनिवासी म्हणून मान्यता दिली, पण जमिनीचा किंवा नदीचा हक्क त्यात नाही.

‘युमेपिरिका’ या नावातलं ‘युमे’ जपानी आहे, अर्थ स्वप्न. ‘पिरिका’ ऐनू आहे, अर्थ सुंदर, चांगलं. नाव ठेवणाऱ्यांचा हेतू आदराचा होता असं मी मानतो.

पूर्व किनाऱ्यावरच्या उराहोरो गावातल्या रापोरो ऐनू नेशन या संघटनेने 2020 मध्ये सरकारवर दावा लावला. मागणी एवढीच की नदीच्या मुखाशी आपले पूर्वज धरत तसे सामन मासे धरण्याचा आमचा हक्क मान्य करा. 18 एप्रिल 2024 रोजी साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. संघटनेने वरच्या न्यायालयात दाद मागितली.